विजांची नोंद आणि उपग्रहाचा दुवा : ब्रोकन हिलजवळच्या एका केंद्राची उभारणी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल हे चांदी, शिसे आणि जस्त यांच्या खाणींवर वसलेले शहर आहे. शहराबाहेर पडले की शेकडो किलोमीटर लाल माती, खुरटी झुडपे आणि मेंढ्यांची अफाट कुरणे लागतात. मी येथे विद्युत अभियंता म्हणून नोकरी करतो. मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. शहरापासून दोनेक तासांच्या अंतरावरील एका कुरणावर, मालकांच्या परवानगीने, आकाशातल्या विजा नोंदवणारे एक छोटे केंद्र मी उभारले असून ते आता उपग्रह इंटरनेटवर चालते. काम हाती घेतले तेव्हा ज्याला विचारावे तो एकच शंका काढत असे : उपग्रहावरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीला उशीर होतो, मग क्षणात घडून जाणाऱ्या विजेची जागा त्यावरून कशी ठरणार? ही भीती जवळजवळ निराधार निघाली. खरी परीक्षा पाहिली ती आसपासच्या विद्युत खरखरीने आणि त्याखालोखाल विद्युतपुरवठ्याच्या हिशेबाने.

हे केंद्र ‘ब्लिट्झऑर्टुंग’ या जगभरच्या हौशी जाळ्याचा भाग आहे. जर्मनीतील डुसेलडॉर्फ येथील हाइनरिश हाइने विद्यापीठाचे प्राध्यापक एगॉन वांके यांनी हे जाळे सुरू केले. त्यात सहभागी होणारी माणसे स्वखर्चाने उपकरण घेतात, स्वतः जोडतात आणि आपल्या घराच्या गच्चीत किंवा परसात बसवतात. वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर एक तीव्र रेडिओ स्पंदही निघतो. त्याची बरीचशी ऊर्जा ३ ते ३० किलोहर्ट्झ या अतिनिम्न वारंवारतेच्या पट्ट्यात असते आणि हे स्पंद जमीन व आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) यांच्या मधल्या पोकळीतून फार दूरवर पसरतात. रात्री तर ते हजारो किलोमीटर जातात. एकमेकांशी काटकोनात ठेवलेले फेराइटचे दांडे, त्यांवर गुंडाळलेली तार (हीच अँटेना), एक प्रवर्धक म्हणजे क्षीण संकेत मोठा करणारे उपकरण, आणि जीपीएस रिसीव्हर जोडलेला नियंत्रक एवढ्या सामग्रीवर हा स्पंद टिपता येतो.

एकट्या केंद्राला मात्र विजेची जागा नेमकी सांगता येत नाही. दोन केंद्रांवर स्पंद पोहोचण्याच्या वेळांत किती फरक पडला हे कळले, तर वीज एका ठरावीक अपास्तावर (हायपरबोला नावाच्या वक्ररेषेवर) कुठेतरी पडली एवढेच समजते. आणखी केंद्रांच्या नोंदी मिळाल्या की ते अपास्त जेथे एकमेकांना छेदतात ती जागा हाती येते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, त्यामुळे वेळेची मोजणी मायक्रोसेकंदाच्या पातळीवर अचूक असावी लागते. ही अचूकता इंटरनेटकडून येत नाही, जीपीएसकडून येते. जीपीएस रिसीव्हरकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या अचूक ठोक्यावर नियंत्रक आपले घड्याळ जुळवतो आणि स्पंद अँटेनात शिरताच त्यावर वेळेचा शिक्का मारतो. तो शिक्का असलेले माहितीचे पॅकेट जाळ्याच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे पाव सेकंदाने पोहोचले काय किंवा एक सेकंदाने पोहोचले काय, शिक्क्यावरची वेळ बदलत नाही. सर्व्हर सर्व केंद्रांच्या नोंदींची काही काळच वाट पाहतो आणि मग गणित करतो, म्हणून विलंबाला मर्यादा हवी. पण ती मर्यादा उपग्रहाच्या विलंबाहून बरीच सैल आहे.

मी या जागेचा आग्रह धरला त्याला कारण होते. ऑस्ट्रेलियातील हौशी केंद्रे बहुतेक किनाऱ्यालगतच्या शहरांत आहेत, कारण माणसे तेथेच राहतात. विजेच्या चारही बाजूंना केंद्रे असतील तर जागा चांगली ठरते. सगळी केंद्रे एकाच अंगाला असतील तर अपास्त एकमेकांना फार तिरके छेदतात आणि चूक वाढते. त्यामुळे अंतर्भागातील एक केंद्र किनाऱ्यावरच्या कित्येक केंद्रांइतके मोलाचे ठरते. या देशाला विजांची माहिती किती लागते हे २६ ऑक्टोबर २०१९ रोजी सिडनीच्या वायव्येस वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात विजेमुळे लागलेल्या गॉस्पर्स माउंटनच्या वणव्याने दाखवून दिले. त्या एका वणव्यात पाच लाख हेक्टरहून अधिक जंगल जळाले. आमच्या भागात जंगल नाही, पण पावसाविना पडणाऱ्या कोरड्या विजांनी वाळलेले गवत पेटते आणि ते विझवायला आधी शेजारचे पशुपालकच आपापल्या गाड्यांवर पाण्याच्या टाक्या लादून धावतात. शिवाय मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला वळवाच्या दिवसांत वीज पडून शेतात माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या नवीन नसतात. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. हा विषय माझ्या मनात फार पूर्वीपासून होता.

कुरणावर पूर्वी एका टेकडीवर मोबाइलचे अंधुक सिग्नल मिळत असत. ऑस्ट्रेलियातील उरलेली ३जी सेवा ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद झाल्यावर तेही गेले आणि उपग्रहाखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. मालकांच्या घराच्या छपरावर भूस्थिर उपग्रहाची डिश आधीपासून होती. ग्रामीण ऑस्ट्रेलियासाठी सरकारी कंपनीने २०१५ आणि २०१६ मध्ये ‘स्काय मस्टर’ नावाचे दोन उपग्रह सोडले, त्यांचीच ती सेवा. मालकांनी ती वापरण्याची मुभा दिली आणि पहिली चाचणी मी तिच्यावर घेतली. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विचारलेला प्रश्न वर जाऊन खाली यायचा आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचे, म्हणजे चार वेळा तेवढे अंतर. प्रकाशाच्या वेगानेही त्यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो आणि यंत्रणांचा वेळ धरून तो सहाशे मिलिसेकंदांच्या पलीकडे पोहोचतो. अशा जोडणीवर वेब पाने रखडत उघडतात, कारण तेथे प्रत्येक टप्प्यावर दोन्ही टोकांना पोच घ्यावी लागते. आमचा नियंत्रक मात्र यूडीपी पद्धतीने पॅकेट पाठवतो आणि पोच मागत बसत नाही. त्याच्या बाबतीत माहिती फक्त एकदा वर जाऊन खाली येते. चाचणीच्या काळात आमच्या नोंदी सर्व्हरच्या गणितात किनाऱ्यावरच्या केंद्रांच्या बरोबरीने धरल्या जात होत्या. विलंबाचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला.

पण त्याच चाचणीत दिसले की केंद्र दिवसातला बराच वेळ ‘व्यत्यय’ अवस्थेत जात होते. एखादे केंद्र गरजेपेक्षा जास्त स्पंद पाठवू लागले की ते विजेऐवजी आसपासचा विद्युत गोंगाट टिपत आहे असे सर्व्हर समजतो आणि त्याच्या नोंदी बाजूला ठेवतो. येथून पुढचे काम इंटरनेटचे नव्हते. पण इंटरनेटची डिश कुठे बसवायची, तिला विद्युतपुरवठा कुठून द्यायचा, हे सगळे त्यावरच ठरले.

स्पंदांचे आलेख एकाखाली एक मांडल्यावर पहिला गुन्हेगार लगेच सापडला. सेकंदाहून किंचित जास्त अंतराने, अगदी नियमित, एकाच आकाराचे स्पंद येत होते. आकाशातली वीज इतकी शिस्त पाळत नाही. हे काम कुंपणाच्या झटका मशीनचे होते. महाराष्ट्रात रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी जे झटका मशीन लावतात, तेच येथे मेंढ्या-शेळ्यांच्या कुरणांना असते. फक्त कुंपण अनेक किलोमीटर लांब असते. ते काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका तारेत सोडते आणि एखादा इन्सुलेटर तडकला असेल किंवा कांगारूने वाकवलेली तार खांबाला टेकली असेल, तर तेथे ठिणगी पडते. इतक्या लांब तारेवरची ठिणगी हा रेडिओच्या दृष्टीने एक उत्तम प्रक्षेपक आहे. मी मध्यम लहरींचा साधा ट्रान्झिस्टर हातात घेऊन कुंपणाच्या कडेने चालत गेलो. जेथे टक-टक आवाज मोठा होई तेथे दोष सापडे. मालकांनी ते इन्सुलेटर बदलले, कारण ठिणगीतून वाया जाणारा झटका त्यांच्याही तोट्याचा होता. तरीही केंद्र कुंपणापासून जितके दूर नेता येईल तितके नेणे आवश्यक होते.

दुसरा त्रास घराला येणाऱ्या वीजवाहिनीचा होता. ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागांत एकाच तारेने विद्युतपुरवठा करतात आणि परतीचा प्रवाह जमिनीतून नेतात. १२.७ किंवा १९.१ किलोव्होल्टची ती एकेरी तार मैलोन् मैल जाते. इन्सुलेटरवर लाल धूळ बसते, पहाटेच्या दवाने ती ओली होते आणि त्यावर सूक्ष्म विसर्ग सुरू होतात. त्याची खरखर सकाळी वाढे आणि ऊन चढले की कमी होई. या तारेपुढे आम्ही काहीच करू शकत नव्हतो. त्यामुळे केंद्र घरापासून आणि तारेपासून काही किलोमीटर दूर, कुरणाच्या पडीक कोपऱ्यात, पूर्णपणे सौरऊर्जेवर चालवायचे ठरले. घरची डिश त्यामुळे आपोआपच बाद झाली.

नव्या जागेसाठी मी ‘स्टारलिंक’ या उपग्रह इंटरनेट सेवेची लहान डिश घेतली. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात, विलंब शंभर मिलिसेकंदांहून बराच कमी असतो. पण मला विलंबाशी कर्तव्य नव्हते. लहान डिश थेट १२ ते ४८ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालते, त्यामुळे मधला इन्व्हर्टर टळतो आणि त्याच्याबरोबर त्याचा गोंगाटही टळतो, हे माझे मुख्य कारण होते. आमच्या अक्षांशावर या डिशचे तोंड दक्षिणेकडे झुकलेले असते आणि सौर पॅनेलचे तोंड उत्तरेकडे, कारण दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो. दोन्हींना एकमेकांची सावली पडत नाही ही येथली एक सोय.

आता विद्युतपुरवठ्याचा हिशेब. विजा टिपणारा नियंत्रक आणि प्रवर्धक मिळून मोजके वॅट घेतात. लहान डिश मात्र सरासरी २५ ते ४० वॅट घेते. म्हणजे मूळ उपकरणाच्या कितीतरी पट ऊर्जा त्याची माहिती बाहेर पाठवण्यात जाते. ३० वॅट धरले तरी २४ तासांत ७२० वॅट-तास होतात. हिवाळ्यात भरवशाचे चांगले ऊन चार-पाच तास धरावे आणि ढगाळ दिवसांची सोयही ठेवावी, या हिशेबाने मी ४०० वॅटची पॅनेल आणि २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ऊर्जा वाचवण्यासाठी डिश रात्री बंद ठेवावी असे एका स्नेह्यांनी सुचवले होते. ते या कामात चालणारे नाही, कारण अतिनिम्न वारंवारतेचे स्पंद रात्रीच सर्वांत दूरवरून येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये डार्विनच्या बाजूला पावसाळ्याआधीची वादळे उठतात तेव्हा त्यांच्या विजांचे स्पंद दोन हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडून आमच्यापर्यंत पोहोचतात.

सौरऊर्जेने स्वतःचा गोंगाटही आणला. सूर्य उगवला की खरखर सुरू आणि मावळला की बंद, इतकी ती ठळक होती. पॅनेलपासून जास्तीत जास्त ऊर्जा काढणारा एमपीपीटी चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतो-जोडतो आणि त्याचे पडसाद थेट आमच्या पट्ट्यात उमटतात. डिशचा अंतर्गत पुरवठाही त्याच जातीचा. यावर जो उपाय सर्वांत गुणकारी ठरला तो अंतराचा. अशा लहान स्रोताचे जवळचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते; अंतर दुप्पट केले की गोंगाट आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून बॅटरी, चार्जर आणि डिश एका टोकाला आणि अँटेना कित्येक मीटर दूर दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी केली. चार्जर लोखंडी पेटीत बंद केला, पॅनेलच्या तारा पिळून आखूड ठेवल्या आणि प्रत्येक केबलवर फेराइटची कडी चढवली. अँटेना पीव्हीसी पाइपमध्ये बसवली, कारण धातूच्या बंद नळीत चुंबकीय क्षेत्र शिरत नाही. या सगळ्यानंतर व्यत्ययाची अवस्था क्वचितच येऊ लागली.

एक खूण मात्र आलेखात कायम राहिली आणि ती राहणारच. पश्चिम किनाऱ्यावर एक्समथ येथे पाणबुड्यांशी संपर्क ठेवणारे हॅरॉल्ड ई. होल्ट नौदल प्रक्षेपण केंद्र आहे. ते १९.८ किलोहर्ट्झवर एक मेगावॅट शक्तीने प्रक्षेपण करते. आमच्यापासून ते जवळपास तीन हजार किलोमीटर दूर असूनही वर्णपटात त्याची रेघ स्पष्ट दिसते. अखंड लहर आणि क्षणिक स्पंद यांत फरक करता येतो, त्यामुळे गाळणीने तिला दाबता येते. केंद्राचे कान शाबूत आहेत की नाही हे तपासायला मी आता तीच रेघ पाहतो. ती दिसेनाशी झाली तर अँटेना किंवा प्रवर्धकात बिघाड आहे असे समजावे.

जोडणीचा तांत्रिक भाग त्या मानाने सोपा गेला. स्टारलिंकच्या साध्या ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. बाहेर जाणाऱ्या यूडीपी पॅकेटांना त्याची अडचण होत नाही, पण शहरात बसून नियंत्रकाचे सेटिंग पान उघडायचे तर बाहेरून आत शिरता येत नाही. म्हणून तेथे रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक ठेवला आहे. तो स्वतःहून बाहेर व्हीपीएन (इंटरनेटवरचा खासगी मार्ग) जोडणी उघडून ठेवतो आणि मी तिच्यातून आत जातो. इंटरनेट गेले तर तोच ठरावीक वेळाने डिशचा पुरवठा तोडून पुन्हा देतो. या उपग्रहांची जुळणी दर १५ सेकंदांनी नव्याने ठरवली जाते आणि त्या क्षणी एखादे पॅकेट हरवू शकते. यूडीपीत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जात नाही. तरीही वादळाच्या वेळी हजारो नोंदी जात असताना त्यांतल्या तुरळक गळतीने आमच्या कामात काहीच बिघडत नाही.

वादळ अगदी डोक्यावर आले म्हणजे काय होते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. जोराच्या पावसात उपग्रहाचा दुवा क्षीण होतो. भूस्थिर सेवेच्या का-पट्ट्यात (अधिक वारंवारतेच्या रेडिओ पट्ट्यात) अधिक आणि स्टारलिंकच्या कू-पट्ट्यात (त्याहून कमी वारंवारतेच्या) त्याहून कमी. प्रत्यक्षात मोठ्या सरींत दुवा अधूनमधून तुटतो आणि सर ओसरताच परत जुळतो. त्याच वेळी जवळच्या विजांचे स्पंद इतके प्रबळ असतात की प्रवर्धक कमाल मर्यादेला भिडतो आणि त्यांचा आकार बिघडतो. अशा वेळी आमच्या माथ्यावरच्या विजांची जागा दूरची केंद्रे ठरवतात, आणि आम्ही त्यांच्या माथ्यावरच्या विजांसाठी नोंदी पुरवतो. जाळ्याची ही रचना मला मनापासून आवडते.

उपकरणे वाचवण्यासाठी डिशच्या बाजूची पेटी आणि अँटेनाच्या बाजूचा नियंत्रक यांच्यामध्ये तांब्याची तार न ठेवता ऑप्टिकल फायबर टाकली. विजेने जमिनीत निर्माण होणारा विद्युत दाब तांब्यातून एका टोकाचे नुकसान दुसऱ्या टोकाला नेतो. फायबर तो नेत नाही. नियंत्रकाला त्यामुळे स्वतःचे लहान पॅनेल आणि लहान बॅटरी द्यावी लागली. सर्व केबली पाइपात घालून जमिनीखाली पुरल्या आहेत, कारण येथल्या गाला आणि कोरेला जातीच्या काकाकुव्यांना उघडी केबल कुरतडायची फार हौस असते. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे सहज जाते. पेटीला पांढरा रंग आणि वर दुहेरी पत्रा, मधून वारा खेळेल अशी फट, एवढ्याने बॅटरी सुरक्षित राहिली. धुळीचे वादळ येऊन गेले की पॅनेल पुसावी लागतात, आणि ते काम मालकांनी आपणहून अंगावर घेतले आहे.

त्यांना आणि शेजारच्या पशुपालकांना मी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे. हे जाळे हौशी आहे आणि जीविताच्या रक्षणासाठी त्यावर विसंबू नये असे ते चालवणारेच स्पष्ट सांगतात. नकाशावर विजांचे ठिपके पाहून कोणत्या कुरणाकडे आधी नजर टाकायची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. इशारा मात्र हवामान खात्याचा आणि अग्निशमन सेवेचाच मानावा. महाराष्ट्रातील वाचकांसाठीही हेच लागू आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे स्वतःचे वीजनोंदणी जाळे आहे आणि त्यावर आधारलेले ‘दामिनी’ ॲप शेतकऱ्यांच्या फोनमध्ये असायलाच हवे.

भारतात असे हौशी केंद्र उपग्रहावर चालवायचे झाले तर परवान्याचा मुद्दा आधी पाहावा लागेल. दूरसंचार विभागाने स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना दिला, पण परदेशातून डिश आणून परस्पर सुरू करणे तेथे कायद्याला धरून नाही. सुदैवाने मराठवाड्यात बहुतेक गावांत मोबाइलचे जाळे पोहोचलेले आहे आणि या केंद्राला लागणारी जोडणी माफक असते. तेथे अडचण होईल ती गोंगाटाची : विहिरीवरचे पंप, त्यांचे स्टार्टर, एलईडी दिवे आणि झटका मशीन. गावी गेलो होतो तेव्हा शेतात ट्रान्झिस्टर लावून पाहिला. रात्री थ्री-फेज पुरवठा गेल्यावर खरखर बरीच कमी झाली. चुलतभावाच्या शेताचा माळाकडचा भाग तारांपासून दूर आहे. तेथे आधी केवळ अँटेना, प्रवर्धक आणि रेकॉर्डर ठेवून पूर्ण वळवाचा हंगाम ऐकून पाहायचा आणि मगच नियंत्रक मागवायचा, असे आमचे ठरले आहे.